लग्न, मूल आणि बायकांचं काम : कुटुंब सर्वेक्षणाच्या डेटाला काय विचारता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने पीएलएफएसचा, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचा, व्यक्तीनिहाय डेटा उतरवून घेतलाय. लग्न झाल्यावर आणि मूल झाल्यावर बायकांचं कमावतं काम किती सुटतं, नवऱ्याच्या कमाईशी त्याचा काय संबंध असतो आणि सासू घरात असली तर फरक पडतो का, हे तिला लघुप्रबंधात तपासायचंय. शेवटी ती विचारते, ‘प्रॉबिट चालवू की लॉजिट?’ (काम आहे की नाही, अशा हो-नाही उत्तराची शक्यता काढायच्या या दोन सांख्यिकी पद्धती.)

प्रॉबिट की लॉजिट याने तुमच्या निष्कर्षात काडीचाही फरक पडणार नाही. फरक पडेल तो वेगळ्याच गोष्टींनी : सर्वेक्षणाने काम कशाला म्हटलं, घरात कोणाला मोजलं आणि पैसा कोणाच्या नावावर लिहिला. हे सगळे निर्णय तुमच्या हाती डेटा येण्याआधीच होऊन गेलेत. ते प्रश्नावलीत आणि अन्वेषकांसाठीच्या सूचनापुस्तिकेत लिहिलेले असतात, आणि डेटासोबत आलेल्या फाइलींपैकी नेमकी तीच फाइल बहुतेक जण उघडत नाहीत. स्टाटा किंवा आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी ती पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढा. कंटाळवाणी आहे, पण तुमचा अर्धा प्रबंध तिच्यात आहे.

आधी काम. पीएलएफएसमध्ये दोन मापं आहेत. ‘नेहमीची स्थिती’ ठरवताना मागचे ३६५ दिवस बघतात. वर्षातला जास्त काळ ज्यात गेला ती मुख्य स्थिती, आणि त्याशिवाय ३० दिवस किंवा अधिक काम केलं असेल तर ती दुय्यम स्थिती. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त मागच्या ७ दिवसांपैकी एखाद्या दिवशी तासभर काम केलं असलं तरी माणूस कामावर धरला जातो. पुरुषांच्या बाबतीत दोन्ही मापांत फारसं अंतर पडत नाही. बायकांच्या बाबतीत पडतं, कारण त्यांचं काम हंगामी, तुटक आणि घरकामात मिसळलेलं असतं. पेरणी-कापणीला महिना-दीड महिना शेतात राबणारी बाई पहिल्या मापात ‘कामावर’ असते आणि उन्हाळ्यात मुलाखत झाली तर दुसऱ्या मापात ‘घरी’. दोन्ही खरंच आहे. म्हणून सगळे तक्ते दोन्ही मापांनी काढा आणि कुठे फाटा फुटतो ते बघा. फाटा जिथे फुटतो तिथेच सांगण्यासारखं काही असतं.

१५ वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण, नेहमीच्या स्थितीनुसार २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. हा आकडा बघून ‘बायका घराबाहेर पडल्या’ असं लिहायचा मोह होईल. थांबा आणि कोडांकडे, म्हणजे कामाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेल्या आकड्याकडे, बघा. ११ म्हणजे स्वतःच्या हिशेबावर काम करणारी, २१ म्हणजे घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणारी, ३१ म्हणजे नियमित पगारी, ५१ म्हणजे रोजंदारी. वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगारात आहे, आणि कोड २१ त्यातच मोडतो. त्या बाईला कोणी पगार देत नाही आणि कदाचित ती घराबाहेरही पडलेली नाही. तुमचा प्रश्न ‘कमावतं काम सुटतं का’ असा असेल, तर २१ आणि ३१ एका डब्यात टाकून ‘काम = १’ असा चल (व्हेरिएबल) बनवणं म्हणजे प्रश्नच पुसून टाकणं. अवलंबित चल, म्हणजे ज्याचं स्पष्टीकरण द्यायचंय तो, दोन खान्यांचा नको. निदान चार खाने करा : पगारी, रोजंदारी, स्वतःचा धंदा, बिनपगारी मदत. पाचवा खाना कामाबाहेरच्यांचा.

२१ आणि ९२-९३ यांच्यातली सीमा तर फारच पातळ आहे. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण-चारा गोळा करणं, घरच्यासाठी शिवणकाम करणं वगैरे. तीच बाई, तीच दिनचर्या. अन्वेषकाने एक प्रश्न जास्त विचारला तर २१, नाही विचारला तर ९२. ही शंका नुसती तात्त्विक नाही. टांझानियात यावर रीतसर प्रयोग झाला आहे : काही घरांत छोटी प्रश्नावली, काहींत सविस्तर; काहींत प्रत्येकाने स्वतः उत्तर दिलं, काहींत दुसऱ्याने त्याच्या वतीने दिलं. प्रश्नांची रीत बदलल्यावर कामाचे आकडे बदलले, आणि स्त्री-पुरुषांचे एकसारखे बदलले नाहीत. आपल्याकडेही घरातला एकच जण सगळ्यांबद्दल सांगतो, असं सर्रास होतं. सुनेच्या कामाबद्दल सासऱ्याने दिलेलं उत्तर तुम्ही ‘सुनेचं काम’ म्हणून वापरणार आहात, एवढं लक्षात असू द्या.

परदेशातल्या आकड्यांशी तुलना करणार असाल तर आणखी एक अडचण आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या श्रमसांख्यिकी परिषदेने २०१३ मध्ये ‘काम’ आणि ‘रोजगार’ वेगळे केले. पगार किंवा नफ्यासाठी केलं तरच रोजगार. घरच्या वापरासाठी पिकवलेलं धान्य हे काम आहे, रोजगार नाही. पीएलएफएसमध्ये मात्र घरच्या वापरासाठीची शेतीही आर्थिक कामात धरतात. ज्या देशांनी नवी व्याख्या स्वीकारली त्यांचे आणि आपले आकडे शेजारी मांडून निष्कर्ष काढू नका.

घरकामाचा वेळ हवा असेल तर तो पीएलएफएसमध्ये मिळणार नाही. त्यासाठी वेळ-वापर सर्वेक्षण आहे, २०१९ आणि २०२४ चं. २०१९ चा गाजलेला आकडा असा : बिनपगारी घरकामात बायका दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. हा आकडा ‘जे हे काम करतात त्यांची सरासरी’ आहे. त्या दिवशी घरकाम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच २६.१ टक्के होतं, बायकांचं ८१.२ टक्के. न करणाऱ्यांनाही धरून सरासरी काढली तर बायकांची २४३ मिनिटं येतात आणि पुरुषांची २५. म्हणजे तिप्पट म्हणायचं की जवळजवळ दसपट, हे छेदात कोणाला घेतलं यावर ठरतं. वर्तमानपत्रांत पहिला आकडा छापून येतो, आणि तो चुकीचा नाही; पण घरातली कामाची वाटणी समजून घ्यायची असेल तर दुसरा वापरायला हवा.

आता कुटुंब. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचं यश या भागावर अवलंबून आहे. पीएलएफएस वापरतं त्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला सदस्य धरला जातो, त्याहून जास्त काळ गेलेला गळतो. व्याख्येचा हा एक धागा ओढला की आख्खा निष्कर्ष कसा उलटतो, याचं उत्तम उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे.

तिथे वृद्धांना सरकारी पेन्शन मिळते. त्या काळी बायकांना साठाव्या वर्षी आणि पुरुषांना पासष्टाव्या वर्षी मिळायची. रक्कम गरीब घराच्या मानाने बरीच मोठी. १९९३ च्या घरगुती सर्वेक्षणावरून बर्ट्रांड, मुल्लैनाथन आणि मिलर यांनी २००३ मध्ये दाखवलं की पेन्शनधारक घरात असला की त्याच घरातल्या कमावत्या वयाच्या माणसांचं, विशेषतः पुरुषांचं, काम कमी होतं. अर्थ सरळ लागला : म्हाताऱ्यांचा पैसा आला की तरुण हातपाय हलवत नाहीत. पुढे पोझेल, फेअरबर्न आणि लंड यांनी त्याच सर्वेक्षणातून, घराचे सदस्य असूनही कामासाठी दुसरीकडे राहणारी माणसं हिशेबात घेतली. चित्र बदललं. पेन्शन असलेल्या घरांतून, विशेषतः आजीला पेन्शन मिळत असलेल्या घरांतून, तरुण बायका कामासाठी बाहेरगावी जाण्याचं प्रमाण जास्त होतं. आजीच्या पैशाने प्रवासाचा खर्च निघत होता आणि आजी नातवंडं सांभाळत होती. २००९ मध्ये आर्डिंग्टन, केस आणि होसगूड यांनी क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तर भागात त्याच घरांचा वर्षानुवर्षं माग ठेवलेल्या डेटावरून दाखवलं की पेन्शन सुरू झाल्यावर घरातल्या तरुणांचा रोजगार वाढतो, आणि तो स्थलांतरातून वाढतो. जे कामाला निघून गेले ते यादीतून गळले आणि मागे राहिलेल्यांना ‘आळशी’ म्हटलं गेलं. मूळ लेखकांचं गणित कुठेही चुकलेलं नव्हतं. घराची सीमा कुठे आखली एवढाच प्रश्न होता.

तुमच्या डेटात हीच गोष्ट नवऱ्याच्या रूपाने येईल. ‘सध्या विवाहित’ अशी नोंद असलेल्या, पण नवरा यादीत नसलेल्या बायका तुम्हाला सापडतील. नवऱ्याची कमाई हा चल घेतला की त्या आपोआप नमुन्यातून बाहेर पडतील, कारण त्यांच्यासाठी तो रकाना रिकामा असेल. पण ज्यांचे नवरे दूर राहून कमावतात त्या बायका कामाच्या बाबतीत इतरांसारख्या असतील, असं मानायला काहीच आधार नाही. त्यांचा वेगळा गट करा आणि वेगळा तक्ता द्या.

मग नात्यांचे कोड. पीएलएफएसमध्ये प्रत्येकाचं नातं कुटुंबप्रमुखाशी लिहिलेलं असतं, एकमेकांशी नाही. प्रमुख १, प्रमुखाचा जोडीदार २, विवाहित मूल ३, विवाहित मुलाचा जोडीदार ४, अविवाहित मूल ५, नातवंड ६, आई-वडील किंवा सासू-सासरे ७. लहान घरात अडचण येत नाही. घरात दोन विवाहित मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडं असली की कोड ३ दोनदा, ४ दोनदा आणि ६ तीनदा येतो. कोणता मुलगा कोणत्या सुनेचा आणि कोणतं नातवंड कोणाचं, हे कुठेही लिहिलेलं नाही. यादीतला क्रम बघून अंदाज बांधता येतो; अन्वेषक सहसा मुलगा, सून आणि त्यांची मुलं असं सलग लिहितात. वयांतलं अंतर तपासून तो पक्का करता येतो. तरी काही घरं अनिर्णित राहतीलच. ती किती आहेत ते लिहा, आणि ती वगळून निकाल किती हलतो ते दाखवा.

सासूच्या बाबतीत तर कोड ७ चक्क फसवतो. प्रमुखाच्या बायकोसाठी (कोड २) घरातली कोड ७ ची स्त्री सासू असू शकते, तिची स्वतःची आईही असू शकते. सुनेसाठी (कोड ४) सासू शोधायची ती १ किंवा २ मध्ये. एका ओळीच्या आज्ञेत ‘सासू घरात = १’ असा चल बनवून मोकळे होणारे प्रबंध मी पाहिलेत; त्यांत निम्म्या सासवा हरवलेल्या असतात.

उत्पन्नाकडे येऊ. पीएलएफएस नियमित पगारदाराला मागच्या कॅलेंडर महिन्याचा पगार विचारतं, स्वयंरोजगारवाल्याला मागच्या ३० दिवसांची कमाई आणि रोजंदाराला मागच्या ७ दिवसांतली दिवसागणिक मजुरी. तुमचं कामाचं माप मात्र ३६५ दिवसांचं असेल. पगारदार नवऱ्याच्या बाबतीत हे चालून जातं. शेतकरी नवऱ्याच्या बाबतीत नाही, कारण त्याचा एखादा महिना पूर्ण कोरडा जातो आणि एखाद्यात वर्षाचं पीक विकलं जातं. काळांचा असा मेळ न बसणं ही आपलीच खोड आहे असं नाही. युरोपीय देशांच्या ईयू-सिल्क या उत्पन्न आणि राहणीमानाच्या सर्वेक्षणात बहुतेक ठिकाणी उत्पन्न मागच्या कॅलेंडर वर्षाचं असतं आणि कामाची स्थिती मुलाखतीच्या दिवसाची.

याहून मोठी गोष्ट नावाची. नवरा-बायको दोघं मिळून शेती बघतात. नवरा ११, बायको २१. कमाई ११ च्या नावावर लिहिली जाते, २१ च्या नावावर शून्य. म्हणजे ‘नवऱ्याची कमाई’ या रकान्यात बायकोची मेहनत आधीच मिसळलेली आहे, आणि त्याच रकान्याने तुम्ही तिच्या कामाचं स्पष्टीकरण देऊ बघताय. शेतकरी आणि धंदेवाल्या घरांसाठी हा चल मी वापरणारच नाही. तो फक्त पगारदार नवऱ्यांपुरता वापरा, बाकीच्यांसाठी नवऱ्याचं शिक्षण आणि व्यवसाय घ्या. घराचा मासिक उपभोग खर्चही सोयीचा वाटेल, पण बायको कमावत असली तर तो तिच्यामुळेही वाढलेला असतो.

लोक सांगतात ती कमाई खरी असते का? अमेरिकेत २०१८ मध्ये मरी-क्लोज आणि हेगनेस यांनी करंट पॉप्युलेशन सर्व्हे या सरकारी सर्वेक्षणातली उत्तरं त्याच माणसांच्या करविषयक नोंदींशी ताडून पाहिली. ज्या जोडप्यांत बायको नवऱ्यापेक्षा जास्त कमावते, तिथे बायकांची कमाई सर्वेक्षणात कमी करून सांगितली जात होती आणि नवऱ्यांची फुगवून. चूक सगळीकडे सारखी पसरलेली असती तर फार बिघडलं नसतं. इथे ती नेमकी तुमच्या प्रश्नाच्या बाजूने झुकते. म्हणून दोघांच्या एकूण कमाईतला बायकोचा वाटा, त्यातही अर्ध्याच्या आसपासचा, जपून वापरा.

कुटुंबाचं उत्पन्न एकत्र करून माणसी काढायचं तर घराच्या आकाराचा प्रश्न येतो. सुधारित ओईसीडी मोजपट्टीत पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येकाला ०.५ आणि १४ वर्षांखालच्या मुलाला ०.३ असा भार देतात. कोणी सरळ सदस्यसंख्येचं वर्गमूळ घेतात. तुमच्या कामापुरतं कोणतंही चालेल, घेतलेलं नमूद करा. पण अशा सगळ्या मोजपट्ट्या एक गोष्ट गृहीत धरतात : घरात आलेला पैसा सगळ्यांना सारखा मिळतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीचा भत्ता वडिलांच्या पगारातल्या करसवलतीऐवजी थेट आईच्या हाती देण्यात आला. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स यांनी कुटुंबखर्चाच्या डेटातून दाखवलं की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. एकाच घरात पैसा कोणाच्या हातात पडतो याने फरक पडतो, हे यातून दिसलं. पीएलएफएसमधून ते दिसणार नाही, कारण घरात खर्च कोण ठरवतं हे त्यात विचारलेलंच नाही.

‘लग्नानंतर’ आणि ‘मूल झाल्यावर’ हे दोन्ही शब्द काळाचे आहेत. त्यासाठी तीच बाई आधी आणि नंतर दिसायला हवी. पीएलएफएसमध्ये शहरी घरं चार तिमाहींत चारदा भेटायची. जानेवारी २०२५ पासून शहरी-ग्रामीण दोन्हीकडे निवडलेल्या घराला सलग चार महिने भेटी होतात. एवढ्या काळात नोकरी सुटणं-लागणं दिसतं, पहिल्या मुलानंतरची पाच वर्षं दिसत नाहीत. लग्न तर अजिबात दिसत नाही, कारण लग्न झालं की मुलगी त्या घराच्या यादीतून जाते. जी घटना अभ्यासायची, तीच घटना बाईला डेटाबाहेर काढते. अमेरिकेतला १९६८ पासूनचा पीएसआयडी किंवा जर्मनीतला १९८४ पासूनचा एसओईपी हे पॅनेल, म्हणजे त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा भेटणारी सर्वेक्षणं, घर सोडून जाणाऱ्या माणसाच्या मागे जातात, म्हणून तिथे अशी घटना अभ्यासता येते. आपल्याकडचं आयएचडीएस, म्हणजे भारत मानव विकास सर्वेक्षण, २००४-०५ मध्ये झालं, आणि २०११-१२ मध्ये त्यातल्या बहुतेक घरांना पुन्हा गाठलं. पण त्यातही त्याच गावात राहिलेली, फुटून वेगळी झालेली घरं धरली. परगावी दिलेली मुलगी नाही. आधीच विवाहित असलेल्या बाईचं मधल्या सात वर्षांत काय झालं, हे मात्र त्यात चांगलं कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्नाच्या आणि प्रत्येक बाळंतपणाच्या तारखा मिळतात, पण कामाचे प्रश्न नमुन्यातल्या एका छोट्या भागालाच विचारलेले असतात आणि कमाईची रक्कम विचारलेलीच नसते.

पीएलएफएसच वापरायचं असेल तर एक वाट आहे. आईसोबत राहणाऱ्या सर्वांत मोठ्या मुलाचं वय म्हणजे पहिल्या बाळंतपणाला झालेली वर्षं, असं धरायचं, आणि ‘आधी’च्या काळासाठी वय, शिक्षण, वस्ती यांत तिच्याशी जुळणाऱ्या, मूल नसलेल्या बायका घ्यायच्या. मूल झाल्यावर बायकांचं काम किती सुटतं, याचा १३४ देशांचा नकाशा अर्थतज्ज्ञ क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी अशाच रीतीने केला आहे. पस्तिशीच्या पुढे ही रीत ढासळते, कारण मोठी मुलं घर सोडू लागतात, मुली लग्न होऊन जातात आणि ‘सर्वांत मोठं मूल’ प्रत्यक्षात दुसरं किंवा तिसरं असतं. २० ते ३४ वयापुरतं काम करा. आपल्याकडे लग्न आणि पहिलं मूल यांत फार अंतर नसतं, म्हणून तुलनेचा गट अविवाहित घेतला की विवाहित-अपत्यहीन घेतला, याने उत्तर बदलेल. दोन्ही करून दाखवा.

भारांकाबद्दल, म्हणजे नमुन्यातलं एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने मोजायचं त्या आकड्याबद्दल, एवढंच : व्यक्तींबद्दलचे आकडे काढताना पुस्तिकेत दिलेल्या सूत्राने भारांक लावा, तिमाह्या एकत्र केल्या तर तो तिमाह्यांच्या संख्येने भागा, आणि प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) पहिल्या टप्प्यातल्या एककाच्या, म्हणजे गाव किंवा शहरी गटाच्या, पातळीवर क्लस्टर करा, म्हणजे एका गावातली माणसं एकमेकांसारखी असू शकतात हे धरून काढा. काढलेला राष्ट्रीय सहभाग दर प्रकाशित अहवालाशी जुळतो का, हे सगळ्यात आधी बघा. जुळत नसेल तर पुढचं काहीच करू नका. प्रतिमान म्हणाल तर वर सांगितलेल्या पाच खान्यांसाठी मल्टिनॉमिअल लॉजिट (दोनाहून जास्त खान्यांसाठीचं लॉजिट) घ्या, किंवा प्रत्येक खान्यासाठी वेगळं रेषीय प्रतिमान. मी दुसरं घेईन, कारण वाचणाऱ्याला त्याचे गुणांक थेट टक्केवारीत कळतात.

तुमच्या प्रश्नांपैकी मुलाचा प्रश्न ठेवा, तो या डेटावर उभा राहतो. नवऱ्याच्या कमाईचा प्रश्न पगारदार घरांपुरता आखडता घ्या. सासूचा प्रश्न वर्णनापुरता ठेवा : सासूसोबत राहणाऱ्या आणि न राहणाऱ्या बायकांत एवढा फरक आहे, इतकंच लिहा. सासूमुळे फरक पडतो असं म्हणू नका, कारण बायकोच्या नोकरीसाठी सासूला बोलावून घेतलेली घरंही त्याच गटात आहेत. आणि लग्नाचा प्रश्न या प्रबंधातून काढून टाका. त्यासाठी आयएचडीएससुद्धा पुरणार नाही.